पुण्याच्या पेठांमधले कार्यक्रम : आपले अनुभव लिहा

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये वर्षभर काही ना काही चालू असते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात भरते. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापन केलेल्या भारत गायन समाजात गाण्याचे वर्ग चालतात, पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात आणि भाद्रपदात तर गल्लीबोळांतच रंगमंच उभे राहतात. वर्तमानपत्रांत यांबद्दल जे छापून येते ते बहुधा उद्घाटन कोणी केले आणि पाहुणे कोण होते एवढ्यावर संपते. मला त्यापलीकडचे जाणून घ्यायचे आहे. हे कार्यक्रम भर वस्तीत, लोकांच्या दाराशी होतात म्हणून त्यांत काय येते आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागते, हा या धाग्याचा विषय आहे. कलाकार, कार्यकर्ता, श्रोता, दुकानदार किंवा नुसता शेजारी म्हणून आपण जे पाहिले असेल ते सविस्तर लिहावे. तक्रारी अवश्य लिहाव्यात, मात्र मंडळांची नावे घेऊन उणीदुणी काढू नयेत. उपनगरांतल्या नाट्यगृहांसाठी हवा तर वेगळा धागा काढू.

कसबा पेठ, जिवंत देखाव्यात काम केलेली एक मुलगी

गणपतीतले जिवंत देखावे बाहेरच्यांना जत्रेचा प्रकार वाटतात, पण आमच्यासारख्या अनेकांचे नाट्यशिक्षण तिथेच झाले आहे. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि नटांनी त्यांवर ओठ व हालचाली जुळवायच्या असतात. दहा-बारा मिनिटांचा प्रयोग संपला की कार्यकर्ते दोरी धरून गर्दी पुढे सरकवतात आणि नव्या गर्दीसमोर तोच प्रयोग पहिल्यापासून सुरू होतो. एका संध्याकाळी इतक्यांदा मरायचे आणि इतक्यांदा उठून उभे राहायचे, की शेवटच्या प्रयोगापर्यंत मिशा चिकटवण्याच्या डिंकाने मुलांचे ओठ सोललेले असतात. (मला मिशी नव्हती, पण नऊवारीत घामाने तेच हाल होत.) कपडे बदलायला मांडवामागच्या वाड्यातल्या एका काकूंची बाहेरची खोली असे आणि त्यांच्या घरातली माणसे तेवढे दिवस स्वयंपाकघरात बसून टीव्ही पाहत.

एका वर्षी आम्ही पानशेतच्या पुराचा देखावा केला. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, हे सगळ्यांना ऐकून माहीत होते. दिग्दर्शकाने प्रसंग रात्रीचा केला होता, कारण निळ्या दिव्यांत पाणी चांगले दिसते. रंगीत तालमीला गल्लीतल्या एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या मध्येच उठल्या आणि म्हणाल्या, "रात्र कशाला दाखवता? पाणी दिवसाढवळ्या आलं. आम्ही पोरं काखेला मारून पळालो तेव्हा चुलीवर आमटी उकळत होती." दिवे बदलले गेले, आमटीचे पातेले रंगमंचावर आले आणि पाणी चढू लागल्यावर ते पातेले तरंगत जाते असे दृश्य आम्ही बसवले. पुढचे सगळे दिवस प्रेक्षकांची सर्वांत मोठी दाद त्या पातेल्याला मिळाली. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांच्याच गल्लीत तो दाखवायचा असल्यामुळे आम्हांला फेकाफेक करण्याची सोय नव्हती. सभागृहातल्या एखाद्या स्पर्धेत ती रात्र खपून गेली असती.

पुरुषोत्तमचा एक माजी स्पर्धक

महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेते. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवरच तिचा भर असल्यामुळे खिशात पैसे नसलेले महाविद्यालयही चार खुर्च्या आणि एक टेबल घेऊन उतरू शकते. 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी आता सर्वांनाच ठाऊक झाली आहे. माझ्या आठवणीत मात्र आरोळीपेक्षा भरतच्या बाहेरचा रस्ता जास्त आहे. प्रयोग संपल्यावर सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात उभे राहून, आपल्याला हरवू पाहणाऱ्या महाविद्यालयाच्या दिग्दर्शकाकडूनच आपल्या एकांकिकेची चिरफाड ऐकायची, ही तिथली रीत होती. त्यात गेल्या पिढ्यांतले स्पर्धकही मिसळत, कारण घरी जाताना त्यांची वाट तिथूनच असे. २०२२ साली परीक्षकांनी मुख्य करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या जुन्या मित्रमंडळींत बरीच खडाजंगी झाली. मला स्वतःला तो निर्णय कठोर वाटला, पण अन्याय वाटला नाही. करंडक दरवर्षी द्यायचाच असेल तर त्याचा धाक राहत नाही.

नारायण पेठ, सवाईची एक श्रोती

पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव अनेक वर्षे शनिवार पेठेतल्या रमणबाग शाळेच्या पटांगणावर होत असे. आमचे घर तिथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे डिसेंबरातले ते दिवस आमच्या घरच्या वेळापत्रकाचाच भाग झाले होते. सासूबाई दुपारीच शाल आणि पाण्याची बाटली घेऊन भारतीय बैठकीतली आपली जागा धरत. मी मुलांचे जेवण उरकून सतारवादनापर्यंत पोहोचे आणि मधल्या वेळात कोणी न आवडते गायला बसले की भाजी निवडायला घरी परत येई. गाणे असे उठत-बसत, घरकामाच्या फटीत ऐकता येते, हे मला तिथेच समजले. मोठ्या गवयांच्या मैफलीला आयुष्यात कधी तिकीट काढून न गेलेल्या आमच्या इमारतीतल्या कामवाल्या मावशी गच्चीवर कपडे वाळत घालताना थबकून मालकंस ऐकत असत. राग त्यांना मी सांगितला. थबकल्या त्या स्वतःहून.

पूर्वी रात्र रात्र चालणारे गाणे ध्वनिवर्धकांच्या नियमांमुळे रात्री दहाच्या आत आवरायला लागले, तेव्हाच जुने श्रोते हळहळले होते. पुढे २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. तिथे जागा ऐसपैस आहे, गाड्या लावायची सोय आहे, स्वच्छतागृहे बरी आहेत आणि सुरांचे म्हणाल तर त्यांत काडीचा फरक पडलेला नाही. शेवटी सवाई गंधर्वांचे जुने ध्वनिमुद्रण लागते तेव्हा तिथेही मांडव तसाच स्तब्ध होतो. स्थलांतरावर नाके मुरडणाऱ्यांनी रमणबागेभोवतीची तेव्हाची वाहतूककोंडी आठवून पाहावी. तरीही सासूबाई नव्या जागी दोनदा-तीनदाच गेल्या. रिक्षा करून जायचे म्हणजे पूर्ण वेळ बसायलाच हवे, नाहीतर पैसे वाया गेले, असा त्यांचा हिशेब होता आणि पूर्ण वेळ बसणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हते.

लक्ष्मी रस्त्यालगतचा एक रहिवासी

वरचे अनुभव वाचून आनंद झाला, आता दुसरी बाजू लिहितो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आमच्या खिडकीखालून जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी चालू असते. माझे वडील एके काळी याच मिरवणुकीत लेझीम खेळत, त्यामुळे आम्हांला उत्सवाचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. आमच्यासमोरचा चौक रुंद असल्याने प्रत्येक पथकाला तिथेच थांबून वाजवावेसे वाटते, हा खरा प्रश्न आहे. मांडणीवरची भांडी थरथरत जागची सरकतात आणि कडेचा पेला खाली पडतो, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच भांडी उतरवून जमिनीवर ठेवतो. आईला हृदयविकाराचा त्रास सुरू झाल्यापासून तिला दोन दिवसांसाठी बहिणीकडे सिंहगड रस्त्याला पोहोचवतो. एका वर्षी तिला नेण्याआधीच बांबूचे कठडे लागले आणि रस्ता बंद झाला. बंदोबस्तावरच्या पोलिसाने आणि मंडळाच्या दोन मुलांनी तिला खुर्चीत बसवून बोळाबोळाने पलीकडे नेले. ज्यांच्या ढोलांचा त्रास होत होता तीच मुले खुर्ची उचलायला धावली, हेही लिहिले पाहिजे. पण दरवर्षी असा प्रसंग येऊ नये यासाठी त्या चौकात थांबण्याच्या वेळेवर मर्यादा हवी, ती आजतागायत कागदावरून रस्त्यावर उतरलेली नाही.

ढोल वाजवणारी, वरील काकांना उत्तर

काका, तुमचे म्हणणे पटते. आम्ही चौकात का थांबतो तेही सांगते. आषाढापासून आम्ही नदीकाठी सराव करतो. कमरेला ढोल बांधून तासन् तास उभे राहिल्याने दोरीचे वळ उठतात, बोटांना चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय टिपरू धरवत नाही आणि हे सगळे ज्या एका वादनासाठी केलेले असते ते अरुंद रस्त्यावर चालता चालता नीट होतच नाही. ताशाचा इशारा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला आणि ध्वज नाचवायला मोकळी जागा लागते, ती चौकातच मिळते. शिवाय पुढचे मंडळ हलले नाही तर आमची इच्छा असूनही पाऊल पुढे पडत नाही. आमच्या पथकाने मात्र रुग्णालयांसमोर टिपरू खाली ठेवून नुसते चालत जाण्याचा नियम केला आहे आणि तो पाळतोही. तसाच नियम घरांसमोर पाळायचा म्हटला तर पेठेत वाजवायला जागाच उरणार नाही, हे मान्य करूनही, एका चौकात दोनपेक्षा जास्त आवर्तने नकोत असे मी आमच्या बैठकीत मांडणार आहे.

रांगोळीवाली

मिरवणुकीच्या मार्गावर पायघड्या घालणाऱ्यांपैकी मी एक आहे. आधी गुलाल-रांगोळीचा हात चाळणीने पसरायचा, मग त्यावर ठिपके न काढता मुक्तहस्त रेषा ओढायची, आणि पालखी आली की बाजूला व्हायचे. काम पुसले जाते म्हणून वाईट वाटते का, असे सगळे विचारतात. नाही वाटत, वाईट वाटते ते पालखीच्या आधीच मोबाइलवर फोटो काढायला मध्यभागी उभे राहणाऱ्यांचे.

लक्ष्मी रस्त्यावरचा कापड व्यापारी

२०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा टप्पा वाहनांसाठी बंद ठेवून तिथे गाणी, पथनाट्ये, मुलांचे खेळ वगैरे होतात. पहिल्या वर्षी आम्ही दुकानदार बोटे मोडत होतो, कारण गिऱ्हाईक गाडीवरून येते आणि ऐन लग्नसराईत रस्ता बंद म्हणजे गल्ला बंद, असे आमचे गणित होते. प्रत्यक्षात दुकानात माणसे पुष्कळ आली. त्यांतली खरेदी करणारी नेहमीपेक्षा थोडी कमी आणि पंख्याखाली टेकायला आलेली बरीच जास्त होती. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून एका शाळेच्या मुलांनी पथनाट्याची तालीम केली. त्यांच्या एका शिक्षिकेने पुढे आठवडाभरात मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडेच बांधला, असा उलटा हिशेबही आहे. एका दिवसाला माझी हरकत नाही. कायमचा बंद करायचा तर माल उतरवायची वेळ, वृद्ध गिऱ्हाइकांची ने-आण आणि वाहनतळ यांची व्यवस्था आधी दाखवावी.

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

वसंत व्याख्यानमालेबद्दल थोडेसेच. मे महिन्यात विषय न पाहता जाणारे आम्ही काही जण आहोत. घरापासून पाच मिनिटांवर असल्यामुळेच अणुऊर्जा, शेअर बाजार, संतसाहित्य अशा ज्या विषयांसाठी मी बस पकडून कधीही गेलो नसतो, ते ऐकून झाले. तरुण श्रोते कमी दिसतात, ही खंत आहे. ती आम्ही तरुण असतानाही वक्ते व्यक्त करीत असत.

कुबड्या वापरणारा एक नाट्यप्रेमी

पेठांतली छोटी नाट्यगृहे मला प्राणप्रिय आहेत. अहिल्यादेवी शाळेजवळच्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागी नट हातभर अंतरावर असतो आणि त्याचा श्वास ऐकू येतो. पण जुन्या इमारतींतल्या कार्यक्रमांना जाताना मला पहिला फोन पायऱ्यांबद्दल करावा लागतो. एका सभागृहात (नाव लिहीत नाही) "उद्वाहन आहे" असे सांगितले गेले होते. ते होते, पण त्याच्यात जुन्या नाटकाचे नेपथ्य रचून ठेवलेले होते. दोन तरुणांनी मला उचलून नेले. उचलणाऱ्यांचे आभार मानावेत की राग धरावा हे मला अजून ठरवता आलेले नाही. कार्यक्रमाच्या जाहिरातीत पायऱ्या किती आणि कठडा आहे की नाही, एवढे छापायला एक ओळ पुरते.

पिंपरीहून येणारा

मध्यवस्तीत न राहणाऱ्यांसाठी २९ सप्टेंबर २०२४ रोजी मोठा फरक पडला. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग त्या दिवशी सुरू झाला आणि मंडईला थेट उतरता येऊ लागले. त्यापूर्वी गणपती पाहायला यायचे तर गाडी कुठेतरी नदीपलीकडे लावून तंगडतोड करावी लागे. आता वर ज्या जिवंत देखाव्यांबद्दल लिहिले आहे ते मी आईवडिलांना घेऊन पाहू शकतो. २०२५ च्या उत्सवात मेट्रो रात्री उशिरापर्यंत धावल्याने परतीचीही चिंता नव्हती. एरवी मात्र नाटकाचा तिसरा अंक रंगात आला की माझी नजर घड्याळाकडे जाते. शेवटची गाडी चुकली तर रिक्षावाला पिंपरीचे नाव ऐकूनच मान हलवतो. संयोजकांना एक विनंती आहे: कार्यक्रमपत्रिकेवर सुरू होण्याची वेळ छापता तशी संपण्याची अंदाजे वेळही छापावी आणि प्रास्ताविक करणाऱ्यांना ती आधी दाखवावी.