अमेरिकेशी २००२ साली केलेला 'माणसं हवाली न करण्याचा' करार: आपण सही करायला हवी होती का?

नदीकाठ:
फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी वंशसंहार, युद्धगुन्हे असे खटले चालवणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर निर्बंध लादले, तेव्हा ओळखीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की भारत त्या न्यायालयाचा सदस्यच नाही, मग आपल्याला काय त्याचं? पण या भांडणात आपली सही त्याच्या २२ वर्षं आधीच होऊन बसली होती. २६ डिसेंबर २००२ रोजी दिल्लीत परराष्ट्र सचिव कंवल सिबल आणि अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट ब्लॅकविल यांनी एक करार केला. दोन्ही देशांनी एकमेकांची माणसं एकमेकांच्या संमतीशिवाय आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या हवाली करायची नाहीत, असा.

मागची गोष्ट थोडक्यात. न्यायालय १ जुलै २००२ रोजी अस्तित्वात आलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा केला की आपला सैनिक तिथे अडकला तर त्याला सोडवायला राष्ट्राध्यक्ष लागेल ते करू शकतील. युरोपात लोक त्याला 'हेगवर स्वारीचा कायदा' म्हणू लागले. मग रोमानिया, इस्रायल अशी सुरुवात करत अमेरिकेने शंभरच्या वर देशांकडून असे करार करून घेतले.

आधार दिला तो रोम करारातल्या, म्हणजे ज्या कराराने हे न्यायालय उभं राहिलं त्यातल्या, कलम ९८चा. त्या कलमात शब्द आहे 'पाठवणारा देश'. म्हणजे ज्याने आपलं सैन्य किंवा अधिकारी कामगिरीवर दुसऱ्या देशात पाठवलेत तो. अमेरिकेने त्यात आजी-माजी अधिकारी, कंत्राटदार आणि सरसकट सगळे नागरिक बसवले. माझ्या मते हा कलमाचा अर्थ नाही, कलम ताणून फाडणं आहे. करार कागदावर दुतर्फी आहे, पण जगभर सैन्य कोणाचं पसरलंय ते पाहिलं की फायदा कोणाचा ते कळतं. आपण सही करायला नको होती.

कोल्हापुरी फौजी:
पूर्ण असहमत. माझे थोरले बंधू संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत काँगोत होते, गोम्याला. ज्वालामुखीच्या काळ्या दगडावर वसलेलं गाव, बुटांचे तळवे महिन्यात झिजायचे म्हणून सांगतात. रात्री गोळीबार झाला की समोर टोळीवाला आहे की घाबरून पळणारा गावकरी, हे ठरवायला दोन-तीन सेकंद मिळतात. काँगो रोम कराराचा सदस्य आहे, म्हणजे तिथे घडलेल्या गुन्ह्यावर हेगचा अधिकार चालतो. उद्या एखाद्या जवानाच्या गोळीचा हिशेब हेगला मागायचा? शांतिसैनिकावरचा फौजदारी खटला त्याच्या स्वतःच्या देशातच चालतो. तेच तत्त्व या करारात आहे. ते आपल्याला लागू असलेलं चालतं आणि अमेरिकेला दिलं की खुपतं, हे कसं?

आणि १९९८ला रोममध्ये या करारावर मतदान झालं तेव्हा भारत उगाच तटस्थ राहिला नाही. १२० देश बाजूने, ७ विरुद्ध, २१ तटस्थ. सुरक्षा परिषदेला खटले पाठवायचा आणि थांबवायचाही अधिकार दिला. दहशतवाद गुन्ह्यांच्या यादीत नाही, अण्वस्त्रांचा वापर नाही. ज्या घराच्या नियमांवर आपला आक्षेप आहे, तिथे आपली माणसं का पाठवायची?

वाटसरू:
मला अमेरिकी नागरिक डेव्हिड हेडली आठवतो. २६/११चा कट रचण्यात हात, तरी अमेरिकेने त्याच्याशी तडजोड करून भारतात न पाठवण्याचं वचन दिलं. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या कोर्टाने त्याला पाहिलं ते पडद्यावर. अशा देशाला आपण आणखी संरक्षण लिहून दिलं होतं!

नदीकाठ:
@वाटसरू, राग समजतो, पण ती गोष्ट वेगळी. हेडलीचा मामला प्रत्यार्पणाचा, देशाने देशाकडे माणूस सोपवण्याचा. १९९७च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारात तर स्पष्ट आहे की 'तो आमचा नागरिक आहे' एवढ्या कारणाने नकार देता येणार नाही. २००२चा करार त्याला हात लावत नाही.

@फौजी, तत्त्वच असतं तर ज्यांनी नकार दिला त्यांना शिक्षा कशाला? जुलै २००३मध्ये अमेरिकेने ३५ देशांची लष्करी मदत थांबवली. ब्राझील, दक्षिण आफ्रिका त्यात होते. नाही म्हणायची किंमत मोजायला लावली, तर त्या सहीला राजीखुशीची सही कसं म्हणायचं?

मेघा_नागपूर:
कायद्याची विद्यार्थिनी म्हणून एका मुद्द्यावर थांबते. 'आमचे गुन्हेगार आम्ही पाहू' हा या करारांचा पाया. पण हेगला ज्यांचे खटले चालतात ते गुन्हे आपल्याकडे कायद्यात आहेत का? १७ डिसेंबर २०१८ला दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४च्या शीखविरोधी हिंसाचारात माजी खासदार सज्जन कुमारला जन्मठेप दिली. त्या निकालात खंडपीठाने लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, ही त्रुटी तातडीने दूर व्हायला हवी. वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ला मान्य केला. १ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आली. त्यातही हे गुन्हे आले नाहीत. शेकडो माणसं ठरवून मारली तरी खटला सुट्या-सुट्या खुनांचा. त्या खटल्यातल्या कुटुंबांना ३४ वर्षं थांबावं लागलं. दुसऱ्याचं दार बंद करताना स्वतःचं तरी उघडं हवं ना?

कोल्हापुरी फौजी:
मेघाताई, हे मान्य. असा कायदा व्हायलाच हवा. पण तो आपल्या संसदेत व्हावा आणि खटला आपल्या कोर्टात चालावा.

मेघा_नागपूर:
दादा, मग रोम कराराचं कलम १७ पाहा. देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल तर हेगला ते प्रकरण घेताच येत नाही. तुमच्या बंधूंना हे संरक्षण कराराशिवायही होतं.

कोल्हापुरी फौजी:
पण तपास 'प्रामाणिक' होता की नाही हे ठरवणार कोण? हेगचेच न्यायाधीश. माझं घोडं तिथेच अडतं.