मदत हवी आहे: धाकट्या भावाला घाटातून काढून ट्रॅकवर न्यायचंय

मंडळी, माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, ड्यूक ३९० बाइक आहे त्याच्याकडे आणि दर रविवारी पहाटे मित्रांसोबत ताम्हिणी घाटात जातो. मुलगा चांगला आहे हो, गाडीवर हातही चांगला बसलाय, पण वळणावर गाडी झुकवून गुडघा रस्त्याला टेकवायचं वेड लागलंय आणि त्या रस्त्यावर समोरून एसटी येते, कडेला गुरं असतात, पावसाळ्यात दरडीची खडी पडलेली असते. स्पीड दुप्पट केला की ब्रेक लागायला अंतर चौपट लागतं हे सांगून झालं, आई रडून झाली, काही फरक नाही.

गाडी काढून घेणं मला पटत नाही, तो मित्राची घेऊन जाईल. म्हणून म्हटलं वेगच हवाय ना, तर रेसिंग ट्रॅकवर जा, तिथे समोरून कोणी येत नाही, पडलास तर घसरत जायला मोकळी जागा असते, झेंडे दाखवणारे मार्शल, अँब्युलन्स सगळं असतं.

कोइम्बतूरचा कारी स्पीडवे की चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, नवख्याला कुठलं ट्रेनिंग बरं? लेदर सूट भाड्याने मिळतो का? पुण्याहून गाडी ट्रेनने पाठवायची की तिकडेच मिळते? आणि साध्या पॉलिसीत रेसिंगचं नुकसान कव्हर होत नाही, मग तुम्ही इन्शुरन्सचं काय करता? एकूण खर्च किती येतो तेही सांगा, अर्धे पैसे मी भरणार आहे. कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर प्लीज माझ्या भावाशी फोनवर बोलाल का, माझं नाही ऐकत, रायडरचं ऐकेल.