होडीवर सात दिवस खाणं गार ठेवायचंय, लवकर सांगा

होटगीकर (सोमवार, रात्री ९.४०)
नमस्कार. येत्या शनिवारी सोलापुरातून निघायचंय म्हणून घाईत लिहितोय. होडीवर सात दिवस राहणार, चार जण. दूध, दही, पनीर, भाज्या आणि दोन वेळचं मटण न्यायचंय. घरात झाकणाची प्लास्टिकची पेटी आहे. परवा गच्चीवर त्यात बर्फ भरून बघितला, तर दुसऱ्या दिवशी दुपारीच सगळं पाणी. हा बर्फ सात दिवस टिकवायचा कसा? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. फ्रीज घ्या म्हणू नका.

लादीवाला (सोमवार, रात्री ९.५८)
मालक, पेटी किती लिटरची? बर्फ किती किलो होता, लादी का चुरा? होडी कुठल्या पाण्यात? आणि गच्चीवर म्हणजे सावलीत का उन्हात? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार. वीस वर्षं बर्फ विकतोय, चुरा असेल तर तो जाणारच. त्याच वजनाची अख्खी लादी जास्त टिकते, कारण हवेला लागणारी बाजू कमी.

बारा_व्होल्ट (सोमवार, रात्री १०.१५)
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, कंप्रेसरवाला बारा व्होल्टचा फ्रीज घ्या. माझ्या गाडीत ४० लिटरचा आहे. या उन्हात दिवसाला ४० ते ५० अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे ती एक दिवस पुरते. वर दीडशे वॉटचं सोलर पॅनेल टाकलं की मे महिन्यात भरपाई होते. बर्फाची कटकट कायमची संपते. फक्त स्वस्तातली, पंख्याची आवाज करणारी 'कूलिंग पेटी' घेऊ नका. ती बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली नेते. सोलापुरात बाहेर ४२ असताना आत पंचवीसच्या आसपास. त्यात दूध नासतंच.

होटगीकर (सोमवार, रात्री १०.३२)
फ्रीज नको म्हटलं होतं. होडीला बॅटरीच नाही, दोरी ओढून सुरू होणारं मागचं इंजिन आहे. आणि पंचवीस हजारांच्या पुढची वस्तू सात दिवसांसाठी कोण घेणार?
बाकीचं सांगतो. होडी मामाची, वीस फुटी फायबरची, वर ताडपत्री. पाणी उजनीचं, करमाळ्याच्या बाजूनं चढून भिगवणकडे जायचं आणि परत. पेटी ५० लिटरची. बर्फ दहा किलो होता, चुरा. गच्चीवर उन्हातच होती, होडीवरही ऊनच असणार ना.

दर्याकाठ (सोमवार, रात्री ११.०५)
मी रत्नागिरीचा, तुमच्या धरणातलं मला कळत नाही, पण होडीतलं कळतं. पेटी फळीवर ठेवू नका, तळाशी ठेवा. तळाला बाहेरून पाणी लागलेलं असतं, ते हवेपेक्षा कितीतरी गार. आमच्याकडे बर्फ खाली खणातच असतो. आणि वितळलेलं पाणी रोज काढून टाका. पाण्यात बर्फ लवकर विरतो.

लादीवाला (सोमवार, रात्री ११.२०)
हे चूक आहे. पाणी काढलं की त्या जागी गरम हवा शिरते. ते पाणी शून्य अंशाच्या जवळचं असतंय, राहू द्या आत. गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय.

दर्याकाठ (सोमवार, रात्री ११.३१)
मग मासळी पाण्यात भिजून फुगते त्याचं काय? तुम्ही बर्फ विकता, आम्ही त्यात माल ठेवतो.

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ६.१०)
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. गारवा टिकवायचा तर पाणी राहू द्यावं. पण उघडी मासळी किंवा भाजी त्यात बुडत असेल तर काढावं. सामान घट्ट डब्यांत असेल तर वादच नाही.
आता मूळ प्रश्न. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. ५० लिटरची पेटी, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर थर्माकोल, दिवसरात्रीचं सरासरी तापमान ३४-३५ धरलं, तर दिवसाला साडेपाच-सहा किलो बर्फ नुसता भिंतीतून आत येणाऱ्या उष्णतेनं जातो. झाकण उघडाल ते वेगळंच. सात दिवसांचे ४० किलो झाले. मग खाणं ठेवायला जागा कुठे? थर्माकोल दहा सेंटिमीटर केला तर खर्च निम्मा होतो. तुमच्या प्लास्टिकच्या पेटीची भिंत बोटभरच असेल, म्हणून दहा किलो दीड दिवसात गेला. त्यात पेटी उन्हात होती. यात आश्चर्य काही नाही.
उपाय सांगतो. मासळीवाल्यांची थर्माकोलची पेटी तुमच्या पेटीत बसवा आणि मधल्या फटीत लाकडाचा भुसा भरा. भुसा आधी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. ओला झाला की तो उष्णता अडवत नाही. वर ओलं गोणपाट टाका.

दर्याकाठ (मंगळवार, सकाळी ७.४५)
ओल्या गोणपाटानं आमच्याकडे काही होत नाही मास्तर. नुसता वास येतो.

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ८.०२)
तुमच्याकडे हवेतच दमटपणा आहे, पाणी सुकत नाही. सोलापूरची मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत असते. गोणपाटातलं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी इथे गार होतं ते त्यामुळेच. गोणपाट मात्र सावलीत आणि वाऱ्यावर हवं, तासातासाला पाणी मारायला हवं.

शेंगाचटणी_अक्का (मंगळवार, सकाळी ९.३०)
आधी मला सांगा, सोलापूरचे असून होडीवर पनीर कशाला? आपली कडक भाकरी घ्या ज्वारीची, एक डबा भरून. महिनाभर काही होत नाही तिला. शेंगाची चटणी, लसणाचं तिखट, तूप, पिठल्याचं पीठ, कांदे, बटाटे, दुधी. दुधी न चिरता चार-पाच दिवस बाहेर चांगला राहतो. दूध टेट्रापॅकचं घ्या, फोडेपर्यंत गार लागत नाही. दही तर अजिबात नेऊ नका, वाटीभर विरजण न्या. सकाळी लावलंत की त्या उन्हात दुपारच्या जेवणाला घट्ट दही तयार. लागेल तेवढंच लावायचं, दुसऱ्या दिवसासाठी त्यातलाच एक चमचा बाजूला ठेवायचा. माझी आई यात्रेला बैलगाडीनं जायची तेव्हा असंच.
आणि मटण कशाला हो? पाणी पायाखाली आहे. चिलापी, कटला, मरळ. सकाळी जाळी ओढणाऱ्यांकडून घ्या आणि तिथेच करा.

होटगीकर (मंगळवार, सकाळी १०.१२)
अक्का, पटतंय तुमचं, पण आप्पांना (माझे वडील) दूध-दही गारच लागतं आणि मुलाला पनीर. मटणाचं खरं आहे, ते सोडतो.
मास्तर, थर्माकोलची पेटी कुठे मिळेल, मासळी बाजारात? बर्फ लादीच घेतो. लादीवाले दादा, २० किलो किती दिवस जाईल?
आणि एक. आप्पांचं इन्सुलिन त्याच बर्फात एका डबीत ठेवलं तर चालेल ना? पेन आहे आणि त्यात घालायच्या, इन्सुलिन भरलेल्या जास्तीच्या दोन काड्या.

औषधवाली (मंगळवार, सकाळी १०.२०)
थांबा. हे तुम्ही पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. दही नासलं तर फेकून देता येतं, इन्सुलिन बिघडलेलं डोळ्यांना कळेलच असं नाही.
मी औषधांच्या दुकानात बारा वर्षं आहे. नीट वाचा. बर्फाला टेकवून ठेवायचं नाही, कधीच नाही. इन्सुलिन गोठलं की गेलं, परत वितळलं तरी वापरायचं नसतं. बर्फात मीठ टाकायचा सल्ला कुणी देईल, त्यानं तर तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. न उघडलेलं घरी फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. पण बाहेर काढलेलं, वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली सुमारे २८ दिवस चालतं. खोक्यातल्या कागदावर तुमच्या प्रकारासाठी काय लिहिलंय ते आजच वाचा, दिवस आणि अंश थोडे वेगळे असू शकतात.
म्हणजे सात दिवसांसाठी त्याला बर्फाची गरजच नाही. गरज आहे ती ४२ अंशांपासून वाचवायची. आप्पांचं वय काय? दिवसातून किती वेळा घेतात?

होटगीकर (मंगळवार, सकाळी १०.४१)
७१. सकाळ-संध्याकाळ. त्यांच्यासाठीच तर चाललोय. त्यांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते विशीत होते. धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच गाव उठलं. पाणी उतरलं की जुन्या खुणा उघड्या पडतात. पळसदेवचं देऊळही त्यांना पाण्यातून बघायचंय. रस्त्यानं जाऊ म्हटलं तर ऐकत नाहीत, म्हणतात पाण्यातूनच जायचं.

औषधवाली (मंगळवार, सकाळी १०.५८)
मग असं करा. दोन मडकी घ्या, एक दुसऱ्यात बसेल असं. मधल्या जागेत वाळू भरून ती पाण्यानं भिजवा. आतल्या मडक्यात कोरड्या डबीत पेन आणि काड्या. तोंडावर ओलं फडकं. वाळू सुकू द्यायची नाही. माझ्या गावी लाइट जायची तेव्हा मी असं ठेवून तापमापक घातला होता. बाहेर ४१, आत २६. निघायच्या आधी दोन दिवस घरी तापमापक ठेवून बघा, ३० च्या वर जात असेल तर मला इथेच सांगा.
होडी हलते, तेव्हा मडकं चुंबळीवर बसवा आणि टोपलीत बांधा. आणि साखर किंवा ग्लुकोज आप्पांच्या खिशात हवं, पेटीत नको. उन्हात जेवण पुढे-मागे झालं तर साखर एकदम उतरू शकते. डॉक्टरांना सांगूनच निघा.

बारा_व्होल्ट (मंगळवार, सकाळी ११.१०)
इन्सुलिनसाठी तरी फ्रीजच बरा होता.

औषधवाली (मंगळवार, सकाळी ११.१४)
मधे बॅटरी बसली तर? आणि छोट्या फ्रीजमध्ये थंडावा येतो त्या भिंतीला टेकून इन्सुलिन गोठलेलं मी स्वतः पाहिलंय. मडकं बिघडत नाही.

लादीवाला (मंगळवार, दुपारी १२.३०)
होटगीकर दादा, २० किलोची लादी मास्तर म्हणतात तशा पेटीत, सावलीत, तीन दिवस. त्याच्या पुढचं मी सांगणार नाही. पण सात दिवसांचा बर्फ इथून न्यायचाच कशाला? तुम्ही भिगवणला जाताय. तिथं मासळीचा मोठा बाजार आहे, मासळी म्हणजे बर्फ आलाच. चौथ्या दिवशी तिथं भरून घ्या. एक ध्यानात ठेवा, मासळीचा बर्फ खायचा नसतो. खायचा नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळा असो, पांढरा असो, सरबतात घालू नका. पाण्याच्या बाटल्या घरूनच गोठवून न्या, त्या बर्फाचं काम करतात आणि विरघळल्या की प्यायला होतात.
आदल्या रात्री पेटीत थोडा बर्फ टाकून ती गार करून घ्या. कोमट पेटीत लादी ठेवली की पहिले दोन किलो पेटी गार करण्यातच जातात.

पाणपक्षी (मंगळवार, दुपारी २.०५)
भिगवणला जाताय तर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून आहेत का बघून कळवाल का? कुंभारगावच्या बाजूला. हिवाळ्याचे पाहुणे पट्टकादंब तर केव्हाच गेले असतील. दुर्बीण न्या. आणि थव्याजवळ इंजिन बंद करा, कृपया.

भीमाकाठ (मंगळवार, सायंकाळी ६.५०)
मी करमाळा तालुक्यातला. दह्या-दुधाचं झालं असंल तर माझं ऐका. लाइफ जॅकेट किती हायत होडीत? चार माणसं आणि मामा धरून पाच. पाच पायजेत आणि अंगात पायजेत, फळीखाली नाय. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. आमच्या शेजारचं पाणी हाय ते. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा कधी उठंल सांगता येत नाय. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वरचा वापरायचा साठा संपून तळाचा मृतसाठा लागला, की पाणी कमी झालं असं शहरातल्या लोकांना वाटतंय. मृतसाठाच त्रेसष्ट टीएमसीचा हाय, बुडायला भरपूर झालं. दुपारी दोननंतर मोठ्या पाण्यात जाऊ नका. रात्री होडीत झोपू नका, काठाला बांधा आणि काठावर झोपा.

होटगीकर (मंगळवार, रात्री ८.१५)
दादा, जॅकेट दोनच होती. मामाला फोन केला, उद्या आणखी तीन आणतोय. काठावर झोपायचंही ठरलं. खरं सांगतो, हे मी विचारलंच नव्हतं.

होटगीकर (तेरा दिवसांनी, सकाळी ७.३०)
आलो. ज्यांनी सांगितलं त्यांना कळवायला हवं म्हणून लिहितोय.
थर्माकोलची पेटी बसवली, फटीत भुसा, ओलं गोणपाट, सगळं फळीखाली तळाशी. वीस किलोची लादी चौथ्या दिवशी सकाळी मुठीएवढी उरली होती. पाणी आतच ठेवलं. भिगवणला पंधरा किलो भरला, तो परत येईपर्यंत पुरला. पनीर तिसऱ्या दिवशी संपवलं. पनीर मुळातच कमी न्यायला हवं होतं, त्यासाठी पेटी सारखी उघडली गेली. दही अक्कांच्या पद्धतीनं रोज लावलं, दोन दिवस आंबट झालं कारण काढायला उशीर केला.
मडक्यात एरवी दुपारी सगळ्यात जास्त २८ दिसले. एका दुपारी वाळू सुकली तेव्हा २९ च्या पुढे गेलं होतं, मुलगा सांभाळत होता, तो पाणी मारायला विसरला. त्यानंतर ते काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं. साखर रोज मोजली, ठीक राहिली.
पाचव्या दिवशी वारा उठला. आम्ही काठालाच होतो.
पाणी बऱ्यापैकी उतरलं होतं. पळसदेवला आप्पांनी होडी देवळाभोवती दोनदा फिरवायला लावली. त्यांच्या गावाच्या जागी चिखल आणि एका विहिरीचं तोंड दिसलं. ते म्हणाले, ही पाटलांची नाही, आमची. मामा म्हणाला पाटलांची. अजून ठरलेलं नाही.

पाणपक्षी (तेरा दिवसांनी, सकाळी ८.०५)
रोहित दिसले का?

होटगीकर (तेरा दिवसांनी, सकाळी ८.२०)
कुंभारगावच्या अलीकडे चाळीसेक होते. इंजिन बंद केलं होतं.