'डोन्ट वरी बी हॅपी' नक्की कोणाचं?

पेडण्याचो_पावस: गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर सीझनात शॅकमध्ये बसलं की हे गाणं लागतंच, आणि गिटारवाला दरवेळी 'नाऊ बॉब मार्ली' म्हणून सुरू करतो. मावसभाऊ म्हणतो मार्लीचा काय संबंध नाही, उलट ते आपल्या नगरवरून आलंय. नगरवरून?? फेकतोय ना?

साखळीकर: नाही रे, बरोबर बोलतोय. मार्ली, तो जमैकाचा रेगे गायक, गेला १९८१ला, गाणं आलं १९८८ला. बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत टक अँड पॅटी म्हणून जॅझवाली जोडी, त्यांच्या घरी भिंतीवर मेहेरबाबांचं पोस्टर होतं त्यावर हेच चार शब्द, ते मॅकफेरिनच्या डोक्यात बसले. मेहेरबाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले इराणी आध्यात्मिक गुरू, समाधी नगरजवळ अरणगावला, मेहेराबादेत. आणि गंमत अशी की १० जुलै १९२५ला मौन धरलं ते १९६९ला देह ठेवीपर्यंत बाबा तोंडानं एक शब्द बोलले नाहीत, आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून सांगायचे, १९५४ला ती पण सोडली, मग नुसत्या खुणा. अशा माणसाचं वाक्य आज हरमलला माईकवरून ऐकू येतं!

तबला_आणि_तिसवण: त्यात एकपण वाद्य नाही हे माहितीय का? हेडफोन लावून ऐका, खाली बास वाजतोय वाटतं तो त्याचा गळा आहे, शिट्टी त्याची, मागचा कोरसपण तोच, एकावर एक ट्रॅक चढवलेत. नुसत्या आवाजावरचं गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं ते हेच पहिलं. १९८९ला ग्रॅमीपण घेतली. मार्लीचं वाटतं कारण याने उच्चार जमैकन ढंगाचे केलेत, आणि नंतर एमपीथ्री फिरल्या त्या मार्लीच्या नावानं.

म्हापसेंकार: सगळे खूश गाणं म्हणतात पण शब्द कोण ऐकतो, घरमालक भाडं थकलं म्हणून कोर्टात खेचायला निघालाय, झोपायला जागा नाही, असलेली खाट पण कोणीतरी उचलून नेली. शॅकवाल्यांना विचारा जूनमध्ये, पावसात शॅक बंद झाल्यावर, त्यांना बरोबर कळेल 😂 १९८८ला थोरल्या बुशच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात हे वाजवलं तेव्हा मॅकफेरिन भडकला होता, नको म्हणाला.

पेडण्याचो_पावस: भारी! मावसभावाला सांगत नाही, डोक्यावर चढेल. गिटारवाल्याला सांगू काय?

साखळीकर: सांग, पण पहिली बिअर येऊ दे.