समुपदेशनाची कोणती पद्धत मानवली? (अनुभव धागा)

'समुपदेशन घेऊन पाहिले, पण गुण आला नाही', असे सांगणारे आपल्या कोकण किनारपट्टीवर मला बरेच भेटले. थोडे खोलात विचारले, तर आपल्यावर कोणती पद्धत वापरली गेली हेच त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. म्हणून विनंती, की आपला त्रास काय होता, काय मानवले आणि काय नाही, हे सविस्तर लिहावे. उपचार करणाऱ्यांची नावे मात्र टाळावीत. सुरुवात मीच करतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले माझे दुकान बुडाले. दुकान पुन्हा उभे राहिले, परंतु पुढच्या पावसाळ्यात मी रात्री दोन वाजता विजेरी घेऊन शटरपाशी जायचो आणि भिंतीवरची पुराची खूण कोरडी आहे ना, हे हाताने चाचपून यायचो. पहिल्या समुपदेशक बाईंनी सहा महिने शांतपणे ऐकून घेतले. मन हलके होई, पण आभाळ भरून आले की पाय शटरकडेच वळत. दुसरे मानसशास्त्रज्ञ बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणे तपासून बदलण्याची पद्धत) करणारे होते. त्यांनी वही घालायला लावली: पाऊस किती, मनात आलेला विचार कोणता, भीती शंभरपैकी किती आणि प्रत्यक्षात घडले काय. पुराची भीती खोटी नाही हे त्यांना मान्य होते, म्हणून वाशिष्ठी नदीच्या इशारा पातळीची बातमी दिवसातून दोनदाच पाहायची असे ठरले. मग आधी पुराची छायाचित्रे, नंतर रिमझिम पावसात पुलावर दहा मिनिटे, अशा पायऱ्या चढलो. सोळा सत्रे लागली. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे त्याला हे जड जाईल.

देवगड, शिक्षिका: मला मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे नको असलेला विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणे) आहे. शाळेला निघाले की एसटी स्टँडवरून शेजारच्या काकींना फोन करून गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का, ते पाहायला सांगायची. पहिल्या समुपदेशकांनी दर खेपेला 'काही होणार नाही' असा धीर दिला आणि त्रास वाढत गेला, कारण खात्री मिळाली की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि ती पुन्हा हवीशी वाटते. पुढे ज्या बाईंकडे गेले, त्यांची पद्धत भीतीला सामोरे जाऊन कृती रोखण्याची होती: रेग्युलेटर एकदाच पाहायचा, फोन करायचा नाही आणि जिवाची तगमग आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे. एका सत्राला त्यांनी काकींनाही बोलावले, कारण 'बंद आसा गो' हे त्यांचे उत्तरही थांबवायचे होते. काकींना ते फार कठोर वाटले. पहिले दोन आठवडे मलाही वाटले.

हर्णै: यजमान गेले तेव्हा मला वही नको होती आणि पायऱ्याही नकोत. ऐकून घेणारे माणूस हवे होते, ते मिळाले. चिपळूणच्या दादांना जे अपुरे पडले, तेच मला पुरले.

रत्नागिरी तालुका: मुंबईची नोकरी गेल्यावर गावी परतलो. झोप आणि भूक दोन्ही गेली, जगणे नकोसे झाले. एका रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोललो आणि त्यांच्या सांगण्यावरून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटलो. समुपदेशक गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत, आणि त्या अवस्थेत नुसत्या बोलण्याने माझे भागले नसते. औषधांनी झोप लागू लागल्यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले हट्टी, अवाजवी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीने, उपचार सुरू झाले. 'नोकरी टिकलीच पाहिजे होती, गणपतीला येणारे चाकरमानी मला नावे ठेवणारच', असे मी लिहून नेले होते. डॉक्टरांनी दोन्ही 'च'भोवती लाल पेनाने गोल केला आणि तासभर आम्ही त्या एका अक्षरावर बोललो. घरच्यांनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, त्यालाही ते हसले नाहीत. आता सत्रे व्हिडिओवर होतात. आमच्या वाडीत रेंज नसल्यामुळे दर शनिवारी गाडी सड्यावर (उंच कातळी माळावर) नेतो, आणि काचा लावून कोणाशी एवढे बोलतोस, असे आई अजून विचारते.