मात्रा, डोस की प्रमाण?

प्रश्न : मेंदूज्वराच्या लशीवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. मूळ लेखात 'डोस' दोन अर्थांनी येतो: एका टोचणीत लस किती, आणि टोचण्या किती. दोन्हीकडे 'मात्रा' लिहिल्यावर 'मात्रा वाढवल्यास प्रतिसाद घटतो' असं वाक्य तयार झालं. वाचणारा काय समजेल?

प्रतिसाद : ताई, हे वाक्य असं जाऊ देऊ नका. मात्रा वैद्याची, सहाणेवर किती वळसे उगाळायची, हे माप तिच्यात आलंच. करोनाकाळात सरकारी पत्रकांतून 'पहिली मात्रा, वर्धक मात्रा' रुळलं आणि तिला खेपेचाही अर्थ चिकटला. एरवी भागतं. या लशींत मात्र माप आणि खेप यांचे परिणाम वेगळे आहेत.

जुनी लस म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकोकस जिवाणूच्या आवरणातली नुसती बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. या जिवाणूच्या ए, सी, वाय आणि डब्ल्यू या चार गटांच्या लशीत प्रत्येक गटाच्या शर्करेचे ५० मायक्रोग्रॅम. युगांडात एक पंचमांश देऊन पाहिलं, तेव्हा ए, वाय आणि डब्ल्यू गटांविरुद्धचा शरीराचा प्रतिसाद (तयार होणारी प्रतिपिंडं) पूर्ण डोसाच्या तोडीचा निघाला. सी गटाचा नाही. म्हणजे माप बरंच उतरवूनही तीन गटांत काम झालं. उलट हीच लस पुन्हा टोचली, तर सी गटाविरुद्धचा प्रतिसाद पहिल्या खेपेपेक्षा कमी येऊ शकतो, कारण नुसती शर्करा टी-पेशींची (प्रतिकारशक्तीतल्या मदतनीस पेशींची) मदत मिळवत नाही आणि जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी घडवत नाही. तुमच्या वाक्यातली 'मात्रा' बहुधा ही, खेपेची.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक संयुग्म लस आहे: ए गटाची शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निर्विष केलेल्या विषाला) जोडलेली, त्यामुळे स्मृती तयार होते. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत १ ते २९ वर्षांच्यांना तिचा एकेकच डोस दिला, १० मायक्रोग्रॅमचा. तान्ह्यांसाठी पुढे ५ मायक्रोग्रॅमची आली. तिला 'अर्धी मात्रा' म्हणालात तर कुणी निम्मीच सुई भरेल; प्रत्यक्षात सुईत ०.५ मिलीच असते, आतली शर्करा निम्मी.

म्हणून टोचणीला 'डोस', आतल्या ऐवजाला 'प्रमाण'. 'खुराक' नको, मराठीत तो पैलवानाचा.

आणखी एक प्रतिसाद : सहमत. लसीकरणाच्या दिवशी आयाही 'दुसरा डोस कधी?' असंच विचारतात. फक्त पहिल्या उल्लेखात 'जिवाणूजन्य मेंदूज्वर' लिहा. आपल्याकडे जपानी मेंदूज्वरही त्याच नावानं ओळखला जातो आणि तो विषाणूचा. वाक्य असं करता येईल: 'नुसत्या शर्करेच्या लशीचे डोस पुन्हा दिल्यास सी गटाविरुद्धचा प्रतिसाद घटू शकतो.'