मुलगी मोठी झाली आणि 'आई' म्हणेनाशी झाली. तुमच्याकडे असं झालं का?

पर्वतीपायथा

माझी मुलगी आठवीत आहे. बोलायला लागली तेव्हा 'आई', बालवाडीत गेल्यावर बाकीच्या मुलांचं ऐकून 'मम्मा', मग पहिली-दुसरीत परत 'आई'. हे सगळं आपोआप झालं, मी कधी काही शिकवलं नाही. पण गेल्या वर्षापासून ती मला हाकच मारत नाही. 'डबा भरला?', 'निळा कुर्ता कुठंय?', 'ऐक ना'. वाक्य सुरू होतं ते थेट कामापासून. वडिलांना मात्र अजून 'ए बाबा' आहेच. भांडण नाही, अबोला नाही, रात्री माझ्याच शेजारी येऊन झोपते. तरी दिवसभरात एकदाही 'आई' ऐकू येत नाही आणि ते मला फार लागतं.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आम्ही वडिलांना 'दादा' म्हणायचो, तेही अहो-जाहो करून, आणि आईला 'ए आई'. लग्न होऊन पुण्यात आले तरी त्यात काडीचा बदल झाला नाही, म्हणून हे मला नवीन आहे. सासूबाईंचं म्हणणं, हा इंग्रजी शाळेचा परिणाम. मला तसं वाटत नाही. तिचं बाकी सगळं बोलणं छान मराठीत चालतं.

या वयात हे सगळीकडे होतं का? आणि तिला सांगावं का, की मला हाक मारत जा म्हणून?

वाकडचा_बाबा

आमच्याकडे वेगळीच गोष्ट आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि मला नावाने हाक मारतो. घरात आम्ही तिघंच, बायको मला नावानेच हाक मारते, त्यामुळे त्याच्या कानावर दुसरं काही पडतच नाही. आता ती त्याच्यासमोर मुद्दाम 'बाबा, गॅस बंद कर' असं म्हणते. हळूहळू फरक पडतोय. गंमत अशी की तो माझ्या वडिलांना 'आबा' म्हणतो आणि त्याचं ऐकून मीही त्यांना 'आबा' म्हणायला लागलो. इतकी वर्षं ते 'पप्पा' होते. त्यांना ते आवडलंय.

तुमच्या मुलीचं निराळं आहे, तिला हाक ठाऊक आहे. मोठ्या मुलांचे आईवडील नीट सांगतील.

नारायणपेठ_जुनी

सासूबाईंना सांगा, इंग्रजी शाळांचा एवढा सुळसुळाट नव्हता तेव्हाही कितीतरी मुलं आईला 'आई' म्हणत नव्हती. आम्ही चौघं भावंडं आमच्या आईला जन्मभर 'वहिनी' म्हणत आलो.

नारायण पेठेतला वाडा. घरात आजी, माझे आईवडील, दोन काका आणि लग्नाची आत्या. काका आणि आत्या आईला 'वहिनी' म्हणायचे, तेही दिवसभर. 'वहिनी, बंब पेटलाय का?', 'वहिनी, माझं धोतर वाळलं का?' थोरला भाऊ बोलायला लागला तो त्यांचंच उचलून. मग त्याचं ऐकून आम्ही. वडील त्यांच्या धाकट्या भावंडांचे 'भाऊ', म्हणून आमचेही भाऊच. 'आई' ही हाक आमच्या घरात होती, पण ती आजीची. भाऊ, काका, आत्या तिला 'आई' म्हणत, म्हणून आम्ही नातवंडंही 'आई'च म्हणायचो. आळीत हे घरोघरी होतं. कुणाची आई 'ताई', कुणाची 'माई', कुणाची 'अक्का'. वडील म्हणाल तर अण्णा, नाना, तात्या, अप्पा. 'बाबा' म्हणणारी मुलं मला शाळेत भेटली.

धाकट्या काकांचं लग्न झालं आणि आम्ही मुलं नव्या काकूला 'काकू' म्हणायला लागलो. तिला मुलगा झाला. आमच्यात वाढला, तोही स्वतःच्या आईला 'काकू' म्हणायला लागला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. मी तेव्हा लहान होते, पण ते पाणी आणि नंतरचा तो चिखल विसरण्यासारखा नव्हता. वाड्याची मागची बाजू पडली आणि एकत्र राहणं अशक्य झालं. काका-काकू मुलाला घेऊन गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेले. तिथं त्यांना मुलगी झाली. त्या चाळीवजा घरांत आजी नव्हती, आम्ही पुतणे-पुतण्या नव्हतो, आणि शेजारची मुलं दिवसभर आपापल्या आयांना 'आई, आई' करत असायची. ही मुलगी पहिल्यापासून 'आई' म्हणाली. आई एकच, भावंडं सख्खी, पण भाऊ 'काकू' म्हणायचा आणि बहीण 'आई'. शेवटपर्यंत तसंच राहिलं. दोघांनीही तिचं सारखंच केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वहिनी आजारी होती तेव्हा रात्री तिच्यापाशी मी थांबायचे. 'वहिनी, पाणी देऊ?' असं ऐकून तिथल्या सिस्टर मला तिची नणंद समजल्या. डॉक्टर आले की विचारायच्या, 'यांच्या मुलांपैकी कुणी आहे का?' वहिनी पडल्या पडल्या हळूच म्हणाली, 'अहो, हीच माझी थोरली लेक.'

लग्नानंतर काही वर्षं आम्ही नागपूरला होतो. तिकडून पत्र लिहायचे ते 'तीर्थरूप भाऊ व वहिनी यांस शिरसाष्टांग नमस्कार' असं. शाळेत बाईंनी घोटून घेतलं होतं, की 'तीर्थरूप' स्वतःच्या आईवडिलांनाच, बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. काकांच्या पत्रात मी कधी 'तीर्थरूप' लिहिलं नाही. हाक काही का असेना, ही वहिनी माझी कोण, ते मायन्यातच लिहिलेलं असायचं.

तुमची मुलगी हाक बदलत नाहीये, ती टाळतेय. माझ्या मुलीचंही शाळेच्या शेवटच्या वर्षांत तसंच होतं. तिला हाक मारत जा म्हणून सांगू नका, असं माझं ठाम मत आहे. सांगितलंत तर मारेल ती, पण ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. त्यापेक्षा तुम्ही तिला तिच्या लाडक्या नावाने हाक मारायची सोडू नका. तुमच्याकडून ती थांबली नाही ना, एवढं बघा.

येरवड्याहून

वरची हकिगत वाचून इरावती कर्व्यांची आठवण झाली. त्या आमच्या इथल्या डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक डेक्कन कॉलेजनेच १९५३ साली प्रसिद्ध केलं. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडून त्यांनी निरनिराळ्या भाषांतले नात्यांचे शब्द त्यात गोळा केले आहेत, आणि महाराष्ट्र मध्य विभागात घातला आहे. त्यांच्या स्वतःच्या घरात हाकांचा केवढा बदल झाला! सासरे महर्षी कर्वे सगळ्यांचे 'अण्णा', सासूबाई 'बाया', आणि इरावतीबाई नवऱ्याला सरळ 'दिनू' म्हणायच्या. तेव्हा बहुतेक घरांत बायका नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतंच घेत.

आमच्याकडे पिढीगणिक एकेक पायरी खाली आलीय. वडील आजोबांसमोर 'अहो नाना' म्हणून उभे राहायचे. मी वडिलांना 'अहो बाबा' म्हणतो, पण बसून. माझा मुलगा मला 'ए बाबा' म्हणतो, आणि अडचण आली की सगळ्यात आधी मलाच सांगतो. मी माझ्या वडिलांना कधी काही सांगू शकलो नाही. 'अहो' गेलं याचं मला अजिबात दुःख नाही.

एफसीरोडवर_सध्या

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे या प्रकारातून नुकतीच बाहेर आलेय. आठवी ते दहावी मीही आईला हाक मारत नव्हते. कारण सांगते. क्लास सुटला की ती गाडी घेऊन बाहेर उभी असायची. रस्त्यावर मुलामुलींसमोर जोरात 'आई' म्हटलं की आपण एकदम लहान वाटतो असं मला वाटायचं. म्हणून जवळ जाऊन 'चल' म्हणायचे. बाहेरची ती सवय घरातही आली. बाबाच्या बाबतीत तसं होत नाही, कारण 'बाबा' तर मित्रांनाही म्हणतो ना आपण, 'अरे बाबा, ऐक'. ते म्हणायला लाज वाटत नाही.

आईवर राग वगैरे काही नव्हता. उलट मैत्रिणींशी बोलताना माझ्या प्रत्येक वाक्यात 'आमची आई' असायची. ती तिला ऐकू जात नव्हती, एवढंच.

परत सुरू झालं ते फोनमुळे. अकरावीला बसने एकटी जायला लागले, पोचल्यावर फोन करायचा अशी अट होती. समोरासमोर 'ऐक ना' चालतं, पण फोन उचलल्यावर पहिला शब्द काहीतरी लागतो. तो 'आई'च होता. काकू, तिला शाळेतून, क्लासमधून एकटीला येऊ द्या आणि फोन करायला सांगा. मेसेज नको, फोनच.

पर्वतीपायथा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एफसीरोडवर, तू लिहिलंस ते वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आमची लेकही मैत्रिणींशी फोनवर बोलताना 'आई म्हणाली', 'आईला विचारते' असं म्हणत असते. ते मला दाराआडून ऐकू यायचं, पण त्याचा मी असा विचार केला नव्हता. स्वारगेटजवळच्या क्लासला पुढच्या आठवड्यापासून तिला बसनेच पाठवीन.

नारायणपेठ_जुनी, आजी म्हटलं तर चालेल ना? तुमच्या त्या चुलत भावाला, 'काकू' म्हणणाऱ्या, कधी आईला 'आई' म्हणावंसं वाटलं नाही का? बहीण रोज म्हणत होती.

नारायणपेठ_जुनी

आजी म्हणा, आनंदच आहे.

त्याला मी हे विचारलं होतं. गोखलेनगरला गेल्यावर त्याने 'आई' म्हणून पाहिलंही होतं म्हणे. पण दर रविवारी सगळे वाड्यात जेवायला यायचे, आणि त्याने 'आई' म्हटलं की आतून आजी 'ओ' द्यायची. मग त्याने ते सोडून दिलं. काकू काही बोलली नाही. तिला तो हाक मारायचा, तिच्या दृष्टीने तेवढं झालं. आता त्याच्या घरी त्याच्या मुली त्यांच्या आईला 'मम्मी' म्हणतात आणि त्याला 'बाबा', तेही एकेरी.